वेठ संपली, असे सांगणाऱ्यांना

वेठबिगारीचा विषय निघाला की वसई तालुक्यात आणि एकूणच पालघर जिल्ह्यात तीन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर सरकारी कचेरीचे : कायद्याने ही पद्धत कधीच रद्द झाली आहे, तेव्हा जिल्ह्यात वेठबिगार असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरे उत्तर वीटभट्टी आणि दगडखाण चालविणाऱ्या मालकाचे : मजूर स्वखुशीने बयाणा घेतो, स्वखुशीने कामावर येतो, त्याला कोणी बांधून ठेवलेले नाही. तिसरे उत्तर स्टेशनजवळच्या इमारतीत राहणाऱ्या सुशिक्षित नागरिकाचे. सक्तीची मजुरी म्हणताच त्याच्या डोळ्यांपुढे हिटलरच्या छळछावण्या उभ्या राहतात. काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेले हाडांचे सापळे त्याने चित्रपटात पाहिलेले असतात, आणि तसले काही महामार्गाच्या पूर्वेला दिसत नाही म्हणून तो निर्धास्त असतो.

यातील तिसरे उत्तर सर्वांत प्रामाणिक आहे आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. पहिली दोन उत्तरे हितसंबंधांतून निघतात. तिसरे अज्ञानातून निघते, आणि त्या अज्ञानाच्या आश्रयानेच पहिल्या दोघांचे निभावते. तेव्हा विचाराला आरंभ त्या छावण्यांपासूनच केला पाहिजे.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केलेली बरी. नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंचा संहार केला. माणसांच्या एका समूहाला पृथ्वीवरून नाहीसे करण्यासाठी उभारलेली ती यंत्रणा होती आणि तिच्याशी वसईच्या भट्टीची तुलना करणे हा त्या मृतांचा अवमान ठरेल. परंतु छावण्यांचा दुसराही एक व्यवहार होता, तो म्हणजे सक्तीच्या श्रमाचा. त्या व्यवहाराला हिशेबवह्या होत्या, दर होते, ठेकेदार होते, गिऱ्हाईक होते. हा व्यवहार जो नीट पाहील, त्याला तो सर्वस्वी परका वाटणार नाही.

हॅम्बुर्ग शहराजवळ नॉयेनगामे येथे एक बंद पडलेला वीटकारखाना होता. नाझींच्या एस.एस. संघटनेने तो घेतला आणि १९३८ च्या डिसेंबरात तेथे छावणी सुरू केली. हेतू असा की हॅम्बुर्गमध्ये हिटलरच्या कल्पनेतील भव्य इमारती उठवायच्या आणि त्यांच्यासाठी लागणाऱ्या विटा कैद्यांकडून पाडून घ्यायच्या. १९४० साली हॅम्बुर्ग शहराने या कारखान्यासाठी एस.एस.शी रीतसर करार केला आणि कर्जही दिले. कैद्यांनी माती खणली, विटा भाजल्या, विटांच्या होड्या जाव्यात म्हणून कालवाही खोदला. ती छावणी आणि तिच्या उपछावण्या यांतून सुमारे १ लाख माणसे गेली. त्यांतील ४२ हजारांहून अधिक मेली. ऑस्ट्रियातील माउटहाउझेनची छावणी तर दगडखाणीसाठीच तेथे बसविण्यात आली. खाणीच्या १८६ पायऱ्यांवरून पाठीवर दगड घेऊन माणसे चढवली जात आणि चढता चढता मरत. ऑश्विट्झजवळ मोनोविट्झ येथे आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीच्या कृत्रिम रबराच्या कारखान्यासाठी १९४२ साली स्वतंत्र छावणी निघाली. कुशल कैद्याचे रोजचे ४ मार्क आणि अकुशलाचे ३ मार्क असा दर कंपनी एस.एस.ला भरत असे. कैद्याच्या हाती त्यातले काहीच पडत नसे. त्याच्या वाट्याला येई पाणचट सूप, पावाचा तुकडा, लाकडी बराकीतील फळीवर दोघातिघांत एक जागा आणि पहाटेची हजेरी. काम करता येईनासे झाले की त्याची रवानगी गॅसच्या कोठडीकडे.

म्हणजे या संपूर्ण व्यवहारात राक्षसी विचारसरणीच्या जोडीला चार अगदी साध्या, व्यापारी गोष्टी होत्या. एक, मजुराला काम सोडून जाण्याची मुभा नाही. दोन, त्याच्या कामाचा दर कोणी तिसराच ठरवितो आणि तिसराच घेतो. तीन, त्याला मिळते ते जेमतेम जगण्यापुरते, पुष्कळदा त्याहूनही कमी. चार, ज्या शहरासाठी तो राबतो त्या शहराला वीट दिसते, वीट पाडणारा दिसत नाही. या चार गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे सक्तीची मजुरी आहे असे समजावे. तार आणि मनोरा ही केवळ साधने आहेत. त्यांचे काम दुसऱ्या साधनाने भागत असेल तर शहाणा मालक तारेवर पैसा खर्च करीत नाही.

ज्या वर्षांत युरोपात हे चालू होते, त्याच वर्षांत आजच्या पालघर जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत, काय चालू होते? याचे उत्तर खुद्द ब्रिटिश सरकारच्या दप्तरात आहे. मुंबई इलाख्यातील आदिवासी व डोंगरी जमातींची पाहणी करण्यासाठी सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याची १९३७ साली नेमणूक झाली. त्याने अहवालात लिहून ठेवले की जंगलपट्टीतील कुळाला जमीनदार बोलावील तेव्हा आणि बोलावील तितके दिवस वेठीला जावे लागते. नकार दिला किंवा टाळाटाळ केली तर मारहाण होते. खांबाला बांधून फटके मारल्याच्या हकीकती त्याने विश्वासार्ह लोकांकडून ऐकल्या. या श्रमाचा जास्तीत जास्त मोबदला दिवसाला १ आणा. पुष्कळदा तोही नाही, एका माणसाच्या एका वेळच्या जेवणाला जेमतेम पुरेल एवढा तांदूळ मिळे. कुळांच्या बायकांवर जमीनदार आपला हक्क समजतात, हेही त्याने नमूद केले. त्याखेरीज लग्नगड्याची पद्धत होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी तरुण मालकाच्या दारी गडी म्हणून राही, त्याची नवी नवरीही त्याच्याबरोबर राबे आणि कर्ज फिटत नसे, कारण ते फिटण्यासाठी दिलेलेच नसे.

सरकारला हे १९३९ पूर्वीच ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही युद्धाच्या साऱ्या वर्षांत वेठ चालू राहिली. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे स्वातंत्र्यासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. पालघरचा हुतात्मा स्तंभ त्यांची आठवण देतो. परंतु त्या स्तंभापासून काही कोसांवर, जंगलात, स्वातंत्र्य हा शब्दही पोहोचलेला नव्हता. तेथील वारली पहाटे उठून सावकाराच्या खळ्यावर जात होता, मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत कापीत होता आणि घरी उपाशी परतत होता.

१९४५ हे वर्ष या संदर्भात प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे असे आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत, २७ तारखेस, लाल सैन्याने ऑश्विट्झची छावणी मुक्त केली. त्याच जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली आणि उंबरगाव तालुक्यातील काही वारली तेथे जाऊन आले. मे महिन्याच्या ८ तारखेस जर्मनीने शरणागती पत्करली. त्यानंतर पंधरा दिवसांनी, २३ मे रोजी, झरी या गावी हजारो वारली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासमवेत जमले आणि वेठ करावयाची नाही असा त्यांनी निर्धार केला. परुळेकर दांपत्य कम्युनिस्ट पक्षाचे होते. समाजवाद्यांचे आणि त्यांचे मतभेद जगजाहीर आहेत. परंतु ठाणे जिल्ह्यातील माणूस जागा करण्याचे जे काम त्यांनी केले त्याचे श्रेय नाकारणे हा कोतेपणा होईल. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक (१९७०) कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याने वाचावे असे आहे.

झरीनंतर गावागावांतून वेठ बंद पडू लागली. जमीनदार हवालदिल झाले आणि सरकार त्यांच्या मदतीला धावले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी ठार झाले. त्यांचा अपराध एवढाच की ते वेठीला नाही म्हणाले होते. आणि बरोबर ४१ दिवसांनी, २० नोव्हेंबर १९४५ रोजी, न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवरील खटल्याची सुनावणी सुरू झाली. आरोपपत्रात सक्तीची मजुरी हा मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून नोंदविलेला होता. फिर्यादी राष्ट्रांत ब्रिटन हे प्रमुख होते. ज्या साम्राज्याचे वकील न्यूरेंबर्गमध्ये गुलामीच्या श्रमाविरुद्ध गर्जत होते, त्याच साम्राज्याच्या बंदुका तलवाड्यात गुलामीचा श्रम नाकारणाऱ्यांवर नुकत्याच झडल्या होत्या. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९३० चा होता, ब्रिटनने तो स्वीकारलेला होता. सक्तीची मजुरी हा गुन्हा आहे की नाही हे ती कोण करून घेतो यावरून ठरत होते. हा धडा तेव्हाचा आहे आणि तो अजून जुना झालेला नाही.

न्यूरेंबर्गचा दुसराही धडा आहे. मजूर पकडून आणणाऱ्या खात्याचा प्रमुख फ्रिट्झ झाउकेल १९४६ साली फासावर गेला. पण त्या मजुरांच्या घामावर गब्बर झालेल्या कारखानदारांचे काय झाले? आल्फ्रीड क्रुपला १९४८ साली १२ वर्षांची शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली. १९५१ साली त्याला सोडण्यात आले आणि मालमत्ताही परत मिळाली. आय. जी. फार्बेनच्या दोषी ठरलेल्या संचालकांना दीड ते आठ वर्षांच्या शिक्षा झाल्या आणि तेही यथावकाश सुटून प्रतिष्ठितांच्या रांगेत जाऊन बसले. राबलेल्या माणसांना मात्र मोबदल्यासाठी २००० सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी जर्मन सरकार आणि उद्योगसमूह यांनी मिळून १००० कोटी मार्कांचा निधी उभारला आणि १६ लाखांवर वृद्धांना काही रक्कम मिळाली. तोवर बहुसंख्य मजूर मरून गेले होते. राजकीय राक्षस मारला म्हणजे आर्थिक राक्षस आपोआप मरतो, ही समजूत तेथेही खोटी ठरली. ज्याला फायदा झाला त्याच्या खिशाला हात लागत नाही तोवर सक्तीची मजुरी केवळ पत्ता बदलते.

भारतात तिने नेमके तेच केले. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठ व सक्तीची मजुरी निषिद्ध ठरविली. पण त्या अनुच्छेदाला कायद्याचे हातपाय फुटायला पंचवीस वर्षे लागली, आणि तेही कोणत्या काळात? २५ ऑक्टोबर १९७५ पासून वेठबिगार पद्धती नष्ट झाल्याचा वटहुकूम निघाला, १९७६ साली त्याचा कायदा झाला. म्हणजे ज्या सरकारने आणीबाणी पुकारून समाजवादी कार्यकर्त्यांना येरवडा आणि नाशिक रोडच्या तुरुंगांत डांबले होते, त्याच सरकारने वीस कलमी कार्यक्रमाच्या झेंड्याखाली वेठबिगारांची मुक्ती जाहीर केली. कायदा मात्र चांगला आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यानुसार वेठीचे कर्ज तत्क्षणी रद्द होते. मजुराला शोधून मुक्त करण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर आहे. जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असली पाहिजे. कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर आहे. दोषी मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

जो कायदा वरून आला तो खाली उतरविण्याचे काम माणसांना करावे लागले. वसई तालुक्यातील उसगाव हे या इतिहासातले महत्त्वाचे ठिकाण. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातून आलेले विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी या भागात काम सुरू केले आणि १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. ज्या तालुक्याच्या पश्चिमेला बंगल्यांची आणि वाड्यांची वसई आहे, त्याच तालुक्याच्या पूर्वेला पिढीजात कर्जापायी राबणारी कुटुंबे आहेत हे या संघटनेने कागदोपत्री सिद्ध केले. वेठबिगारांचे अर्ज भरले गेले, तहसीलदार कचेरीवर मोर्चे गेले, मार खावा लागला, खोटे खटले अंगावर आले, पण मुक्तीचे दाखलेही मिळाले. त्यांच्या कार्याला १९९९ साली गुलामगिरीविरोधी आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पालघर, डहाणू, जव्हारकडे भूमिसेना आणि कष्टकरी संघटना यांनी जमिनीचे आणि मजुरीचे लढे दिले. याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने दोन निर्णय दिले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच, कारण भुकेची सक्ती हीदेखील सक्ती आहे. १९८३ च्या डिसेंबरात बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात, म्हणजे दगडखाणींच्याच प्रकरणात, न्यायालयाने म्हटले की मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असेल तर ते उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे, उलट असेल तर ते मालकाने सिद्ध करावे.

हे दोन निर्णय हाती धरून आता भट्टीमालकाच्या उत्तराकडे वळले पाहिजे. मजूर स्वखुशीने बयाणा घेतो, असे तो म्हणतो. बयाणा केव्हा घेतला जातो? पावसाळ्याच्या अखेरीस, घरातले धान्य संपलेले असते तेव्हा, किंवा आजारपणात, लग्नात, मर्तिकात. कातकरी, वारली, मल्हार कोळी कुटुंबाजवळ त्या वेळी दुसरी पत नसते. बँक त्याला दारात उभी करीत नाही. मुकादम मात्र पाड्यावर येऊन रोकड मोजतो. दिवाळीनंतर अख्खे बिऱ्हाड भट्टीवर जाते. विटांचा हिशेब हजारावर असतो, म्हणून नवरा-बायको मध्यरात्री उठून चिखल तुडवितात, साचे मारतात, आणि हाताखाली मुले लागतात ती विटा उलटविण्याला. आठवड्याला हाती पडते ती मजुरी नव्हे, खर्ची. खर्ची म्हणजे तांदूळ, मिरची, तेल एवढ्यापुरते पैसे. खरा हिशेब हंगाम सरल्यावर. तो हिशेब लिहितो मालक, वही असते मालकाजवळ, फुटक्या विटांची वजावट ठरवितो मालक. हिशेबाअंती कुटुंबाच्या नावे बाकी निघते आणि ती बाकी फेडण्यासाठी पुढल्या दिवाळीला पुन्हा तीच भट्टी. राहण्याला पेंढ्याची किंवा प्लॅस्टिकची खोपटी, आत ताठ उभे राहता येत नाही. पिण्याला टँकरचे नाहीतर खड्ड्याचे पाणी. संडास नाही, दिवा नाही. भाजणीच्या भट्टीचा धूर रात्रंदिवस. मुलांची शाळा पाड्यावरच राहते.

येथे तार नाही. तारेची गरज उरलेली नाही, कारण बाकीची ती नोंद तारेहून बळकट आहे. तार तोडून पळालेला माणूस निदान आपल्या मनात मुक्त असतो. बयाणा बुडवून गेलेला कातकरी स्वतःला चोर समजतो, आणि मालकाची माणसे त्याला पाड्यावरून उचलून आणतात तेव्हा गावही त्याला चोरच समजते.

स्वखुशीचा हा युक्तिवादही जुनाच आहे. झाउकेलचे खाते सुरुवातीला परदेशी मजुरांची ‘भरती’च करीत होते. मार्च १९४४ मधील एका बैठकीत त्यानेच कबूल केले की जर्मनीत आलेल्या पन्नास लाख परदेशी मजुरांपैकी दोन लाखही स्वखुशीने आलेले नाहीत. ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर जपान्यांनी मलायातील रबराच्या मळ्यांतून हजारो तामिळ मजूर नेले, त्यांनाही आधी मजुरीचे आणि परतीचे आश्वासन दिलेले होते. जंगलात गेल्यावर पटकी, मलेरिया आणि उपासमार यांनी ते किड्यामुंगीसारखे मेले. संमती कोणत्या परिस्थितीत दिली गेली आणि ती मागे घेण्याची मुभा आहे की नाही, हेच दोन प्रश्न निर्णायक असतात. वीटभट्टीवरील मजुराला मधल्या हंगामात दुसऱ्या भट्टीवर, किंवा महानगरपालिकेच्या हद्दीत नाक्यावरच्या कामाला, अधिक मजुरी मिळते म्हणून जाता येते काय? येत नसेल तर त्याची ती स्वखुशी मालकाने स्वतःजवळच ठेवावी.

ही केवळ जुन्या काळाची कहाणी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी याच जिल्ह्यातील मोखाडा तालुका पाहावा. २०२१ साली तेथील एका आदिवासी बापाने आत्महत्या केली. आदल्या दिवाळीत मुलगा मेला, कफनाला पैसे नव्हते म्हणून त्याने ५०० रुपये उसने घेतले आणि त्या ५०० रुपयांपायी त्याला मालकाकडे राबावे लागले, अशी फिर्याद होऊन वेठबिगार कायद्याखाली गुन्हा नोंदविला गेला. पाचशे रुपये! सिमिंग्टनचा एक आणा आणि हे पाचशे रुपये यांच्यामध्ये स्वराज्याची सात दशके आणि दोन स्वतंत्र कायदेमंडळांचे असंख्य ठराव आहेत.

आता सरकारी कचेरीचे उत्तर. वेठबिगार नाहीत, असे कचेरी म्हणते. पण केंद्र सरकारनेच २०१६ साली जाहीर केले की २०३० पर्यंत देशातील १ कोटी ८४ लाख वेठबिगारांना शोधून मुक्त करण्याचा संकल्प आहे. आणि १९७८ पासून २०२३ च्या आरंभापर्यंत पुनर्वसन झालेल्यांचा सरकारी आकडा आहे सुमारे ३ लाख १५ हजार. पंचेचाळीस वर्षांत तीन लाख, तर पुढील चौदा वर्षांत पावणेदोन कोटी. ज्याने हा संकल्प लिहिला त्याला गणित येत नसावे, अथवा संकल्पाचे पुढे काय होते हे चांगले ठाऊक असावे.

कचेरीची खरी युक्ती दुसरीच आहे. तक्रार आली की ती ‘मजुरीचा वाद’ म्हणून नोंदवावयाची, मालक-मजुरात तडजोड घडवून आणावयाची, मालकाने बाकी सोडली की मजुराला टेंपोत बसवून पाड्यावर पोहोचवावयाचे. प्रकरण मिटते. मुक्तीचा दाखला दिला जात नाही. दाखला दिला तर मालकावर गुन्हा नोंदवावा लागेल, पुनर्वसनाची रक्कम मागावी लागेल, आणि मुख्य म्हणजे जिल्ह्यात वेठबिगार आहे हे लेखी मान्य करावे लागेल. म्हणून माणूस सुटतो, पण मुक्त होत नाही. २०१६ च्या केंद्रीय योजनेत पुरुष मजुरास १ लाख, स्त्रिया व बालकांस २ लाख आणि अत्यंत अमानुष प्रकरणांत ३ लाख रुपये साहाय्य आहे. वाचावयास हे भरघोस वाटते. पण तातडीची लहानशी रक्कम सोडली तर अखेरचे पैसे वेठबिगारी न्यायालयीन प्रक्रियेत सिद्ध झाल्यावरच हाती पडतात. खटला उभा राहतो कोणाच्या जोरावर? भट्टीवरून नुकत्याच सुटलेल्या, निरक्षर, पुढील पावसाळ्यात पुन्हा बयाणा घ्यावा लागणाऱ्या माणसाच्या साक्षीच्या. तो तारखांना येत नाही, खटला पडतो, आणि मालक निर्दोष ठरल्याचे पेढे वाटतो. दोषी ठरलाच तर दंड दोन हजार, म्हणजे १९७६ साली ठरलेला. वेठबिगार ठेवणे ही आज वीटधंद्यातील सर्वांत स्वस्त जोखीम आहे.

आणि या धंद्याचे गिऱ्हाईक कोण? ठाणे जिल्ह्याची विभागणी २०१४ साली झाली, वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. ज्या शहराची अशी झपाट्याने वाढ होते त्या शहराला विटा लागतात, खडी लागते, रेती लागते. सदनिकेचा खरेदीदार नळ कोणत्या कंपनीचा, फरशी कोणत्या प्रतीची हे विचारतो. वीट कोणी पाडली हे विचारण्याचा रिवाज नाही. महानगरपालिकेच्या शाळा, दवाखाने, गटारे यांच्या निविदांत सिमेंटची प्रत काटेकोर लिहिलेली असते. विटेमागे किमान वेतन दिले गेले काय, याची चौकशी नसते. हॅम्बुर्गच्या नगरशासनानेही विटेची प्रत आणि किंमत एवढेच पाहिले होते. त्यांतील पुष्कळजण स्वतःला सभ्य नागरिक समजत होते, आणि आपल्या घरादारापुरते ते असतीलही.

समाजवादी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या ठिकाणी स्वतःकडेही वळून पाहणे अगत्याचे आहे. फॅसिझमच्या निषेधाचे ठराव मांडणे सोपे असते, कारण फॅसिस्ट दूरच्या देशात किंवा दिल्लीत असतो. भट्टीमालक मात्र गावातला असतो. तो उत्सवाला वर्गणी देतो, निवडणुकीत गाड्या देतो, कधी कधी सभेत व्यासपीठावर शेजारी बसतो. त्याच्या भट्टीवर जाऊन हिशेबाची वही मागणे हे ठरावाहून अवघड काम आहे. ज्या पक्षाला ते अवघड वाटते त्या पक्षाने कष्टकऱ्यांचे नाव आपल्या झेंड्याला लावू नये.

कामे स्पष्ट आहेत. बयाणा दिवाळीपूर्वी घेतला जातो, तेव्हा भाद्रपद-आश्विनातच पाड्यापाड्यावर जाऊन कोणी, कोणाकडून, किती घेतले याची लेखी यादी करावयाची, म्हणजे हंगामाअखेर मालकाच्या वहीसमोर मजुराचीही वही असेल. ज्या राज्याने १९७७ साली रोजगाराची हमी कायद्याने देऊन देशाला वाट दाखविली, त्या राज्याला पाड्यावर नेमक्या त्याच महिन्यांत काम काढायला भाग पाडावयाचे, कारण हाताला काम आणि घरात धान्य असलेला माणूस बयाणा घेत नाही. उपविभागाच्या दक्षता समितीची बैठक केव्हा झाली, इतिवृत्त कोठे आहे, सभासद कोण आहेत हे प्रश्न प्रांत कचेरीत लेखी विचारावयाचे. मजुराला भट्टीवरून केवळ उठवून न आणता मुक्तीचा दाखला आणि मालकावरील गुन्हा या दोन्ही गोष्टी होईपर्यंत कचेरीतून हलावयाचे नाही. साक्षीदाराच्या घरी खटल्याच्या तारखेपर्यंत चूल पेटती ठेवण्याची जबाबदारी शाखेने घ्यावयाची. आणि महानगरपालिकेच्या प्रत्येक बांधकाम निविदेत, वीट व खडी पुरविणाऱ्याने किमान वेतन दिल्याचा व उचलीवर मजूर न ठेवल्याचा दाखला जोडलाच पाहिजे, अशी अट घालण्यासाठी आंदोलन उभारावयाचे.

यातील कोणतेही काम क्रांतीची वाट पाहत थांबण्यासारखे नाही. १९४५ साली झरीला जमलेल्या वारल्यांजवळ संविधान नव्हते, १९७६ चा कायदा नव्हता, सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय नव्हते, लिहितावाचता येत नव्हते. ‘वेठीला येणार नाही’ एवढे एकच वाक्य त्यांच्याजवळ होते आणि ते सर्वांनी एकाच वेळी उच्चारले. त्या वाक्याने जमीनदारांच्या दोन-तीन पिढ्यांची दहशत काही आठवड्यांत ओसरली. आज कायदा पुस्तकात आहे, वाक्य मात्र विखुरलेल्या भट्ट्यांवर एकेकट्या कुटुंबाच्या घशात अडकले आहे. ते पुन्हा सर्वांच्या मुखी आणणे हे काम ज्यांचे आहे त्यांनी वेठ संपली असे सांगणाऱ्यांची उत्तरे ऐकत बसू नये. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. त्यापूर्वी पाड्यांवर पोहोचले पाहिजे.